वाळवीच्या आतड्यातील जिवाणू : एका पावसाळ्याच्या प्रकल्प नोंदी

९ जून

काल संध्याकाळी पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली आणि आमच्या पडवीतल्या दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचा असा लोंढा उठला, की दिवे मालवून आतल्या खोलीत पाने मांडावी लागली. आज सकाळी पायऱ्यांवर गळलेल्या पंखांचा थर पडला होता आणि जोडीजोडीने चालणारे काही बिनपंखी नर-मादी अजून गडग्यातल्या फटी शोधत फिरत होते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या तृतीय वर्षाचे दोघे जण, एक मुलगा आणि एक मुलगी, यंदा प्रकल्पासाठी माझ्याकडे आहेत. त्यांनी मे महिन्यातच ‘वाळवीचे लाकूड पचवणारे जिवाणू वेगळे करणे’ असे शीर्षक लिहून दिले होते आणि मीही फारसा विचार न करता त्याखाली सही केली होती.

विषय सुचण्याचे कारण घरगुती आहे. रत्नागिरीच्या आसपास कोणत्याही वाडीत आंब्याची छाटणी, नारळाची सोडणे, सुपारीच्या झावळ्या आणि भाताचा पेंढा यांचे ढीग असतात. ते लवकर कुजवणारा एखादा जिवाणू हाती लागला तर उपयोगी पडेल, आणि लाकडाचा भुगा पचवून जगणाऱ्या कीटकाच्या पोटात तो सापडण्याची शक्यता अधिक, असे या दोघांचे म्हणणे आहे. लाकडातील सेल्युलोज आणि पिठूळ पदार्थातील स्टार्च दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असतात. फरक आहे तो दोन ग्लुकोजमधील बंधाच्या ठेवणीत. स्टार्चमधील बंध आपल्या लाळेने तुटतो, सेल्युलोजमधील बीटा-१,४ बंध तोडणारे विकर मात्र आपल्या शरीरात नाही.

१७ जून

शहराबाहेरच्या सड्यावर एका काजू-आंब्याच्या बागेत कंबरभर उंचीचे वारूळ आहे. बागवाल्या काकांनी आम्हाला परवानगी दिली, पण वर नारळ ठेवूनच कुदळीला हात लावू दिला आणि बजावले, “मॅडम, आता काय ते न्या. पुन्हा नागपंचमी झाल्याशिवाय इथे खणायला येऊ नका.” आम्ही शेंड्याला न छेडता बाजूने वीतभर भिंत काढली. आत अक्रोडाच्या गरासारख्या घड्या असलेले करड्या-तपकिरी रंगाचे, हाताला हलके आणि दमट लागणारे गोळे होते आणि त्यांवर साबुदाण्याहून लहान पांढरे मणी होते. ही वाळवीने लावलेली बुरशीची बाग. याच बुरशीची, म्हणजे टर्मिटोमायसिसची, अळंबी पावसात वारुळावर उगवते आणि तिच्या जुड्या बाजारात विकायला येतात.

दोन रुंद तोंडाच्या बाटल्यांत बागेच्या तुकड्यांसह सुमारे तीनशे वाळव्या आणल्या. सैनिकाच्या डाव्या जबड्यावर एकच ठळक दात दिसतो, त्यावरून ही ओडोंटोटर्मिस असावी. जातीपर्यंत ओळख पटवण्याचा आग्रह मी धरलेला नाही.

१९ जून

आतडे काढणे हे पहिले कसब, आणि ते पुस्तकातून येत नाही. कामकरी वाळवी बर्फावर दोन मिनिटे सुस्त केली, एका चिमट्याने डोके धरले, दुसऱ्याने पोटाचे टोक अलगद ओढले, की पांढरट धाग्यासारखे आतडे पूर्ण बाहेर येते. धाग्याच्या मागच्या भागात फुगवटा असतो. तेच पश्चांत्र, आणि बहुतेक सूक्ष्मजीव तिथेच राहतात. पहिल्या दहा वाळव्या वाया गेल्या. अकराव्यापासून मुलीचा हात बसला, मुलाचा अजून बसायचा आहे.

आतडे फोडलेल्या ओल्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू भरपूर दिसले आणि बुरशीचे गोल बीजाणूही दिसले, परंतु आदिजीव, म्हणजे जिवाणूंहून मोठे एकपेशीय जीव, एकही नव्हता. हे अपेक्षितच होते. ओडोंटोटर्मिस ‘उच्च’ वाळव्यांपैकी आहे आणि या कुळात आतड्यातील कशाभिकाधारी, म्हणजे पोहण्यासाठी चाबकासारखे धागे असलेले, आदिजीव नसतात. मुलांच्या लक्षात मी आज आणून दिली ती गोष्ट निराळी आहे. ही वाळवी सेल्युलोजचे मोठे काम आतड्याबाहेर करवून घेते. तरुण कामकरी वाळवी पाला-काडी बुरशीच्या बीजाणूंसह खाते आणि ती आतड्यातून झटकन पुढे सरकवून बागेवर ताज्या थराच्या रूपाने रचते. मग बुरशी आठवडेच्या आठवडे तो थर मऊ करते आणि जुना झालेला भाग वडीलधाऱ्या वाळव्या खातात. थोडक्यात, शेतकऱ्याच्या पोटात नांगर शोधण्यासारखे आम्ही करत होतो. हा नमुना टाकून देणार नाही, पण लाकूड प्रत्यक्ष पचवणारी वाळवी आणखी एक हवी.

२ जुलै

दुसरा नमुना खाडीकाठच्या एका जुन्या कौलारू घरातून मिळाला. आजींनी माजघराच्या चौकटीवर बोटाने टकटक केले. वरच्या अंगाला भरीव आवाज आला आणि उंबऱ्यापासून हातभर उंचीवर तो एकदम पोकळ झाला. “अगो, ही चौकट माझ्या सासऱ्यांच्या वेळची. वर रंग आहे म्हणून उभी दिसत्ये,” त्या म्हणाल्या. पटाशीने रंगाचा पापुद्रा उचलला तर आत लाकडाचे फक्त कडक कडे उरले होते आणि मधला मऊ भाग मातीच्या भेंड्यांनी भरलेला होता. सैनिकांचे डोके थेंबाच्या आकाराचे होते आणि चिमटा लावताच कपाळावरच्या छिद्रातून दुधासारखा चिकट द्रव आला. ही कॉप्टोटर्मिसची ओळख ठळक आहे.

३ जुलै

आजचा दिवस प्रकल्पाच्या वेळापत्रकात नव्हता, तरी पूर्ण दिवस सूक्ष्मदर्शकापाशी गेला.

पश्चांत्र ०.६ टक्के मिठाच्या पाण्यात फोडले आणि लगेच काचपट्टी ठेवली. शंभरपट मोठे करून पाहिल्यावर दिसले ते द्रव नव्हतेच, ती एक गर्दी होती. पेअरच्या आकाराचे, अंगभर केसांसारख्या कशाभिका असलेले मोठे जीव वळवळत एकमेकांना रेटत होते, त्यांच्या पोटात लाकडाचे तपकिरी तुकडे अगदी स्पष्ट दिसत होते, आणि चारशेपटीवर गेल्यावर त्यांच्या मधल्या जागेत स्क्रूसारखी पिळवटलेली, अतिशय वेगवान स्पायरोकीट जिवाणू सुळकन जाताना दिसत होते. कॉप्टोटर्मिसमध्ये स्यूडोट्रायकोनिम्फा, होलोमॅस्टिगोटॉइडिस आणि स्पायरोट्रायकोनिम्फा हे आदिजीव असतात. आमच्या थेंबात त्यातले किमान दोन आकार होते. काही मिनिटांतच हालचाल मंदावली, मोठे जीव फुगले आणि फुटले. हवेतील ऑक्सिजन त्यांना सोसत नाही. मुलगा बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, “मॅडम, मग लाकूड पचवतंय कोण?”

हाच प्रश्न शीर्षकावर सही करण्याआधी मी विचारायला हवा होता. जोसेफ लीडी यांनी १८७०च्या दशकात अमेरिकेतल्या वाळवीच्या पोटातले हे जीव पाहिले आणि त्यांना परजीवी समजले. १९२०च्या दशकात एल. आर. क्लीव्हलँड यांनी दाबाखालच्या ऑक्सिजनने आदिजीव मारले आणि वाळवी जिवंत ठेवली. अशी वाळवी लाकूड खात राहिली तरी काही आठवड्यांत उपाशी मेली, आणि आदिजीव परत दिल्यावर जगली. त्यानंतर बराच काळ सगळे श्रेय आदिजीवांकडे गेले. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की रेटिक्युलिटर्मिस या वाळवीच्या स्वतःच्या जनुकांतच सेल्युलोज तोडणारे विकर आहे आणि ते लाळग्रंथीत तयार होते. म्हणजे आजींच्या चौकटीतल्या वाळवीत लाकडावरचे पहिले घाव तिच्या लाळेतील विकराचे असतात आणि मोठे पचन आदिजीवांच्या पोटात होते. जिवाणूंचा वाटा याच्या आजूबाजूला आहे, आणि तो लहान मुळीच नाही.

लाकडात नायट्रोजन अगदी नगण्य असतो. वाळवीच्या आतड्यातील जिवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात, हे १९७३ मध्ये ॲसिटिलीनच्या चाचणीने प्रथम सिद्ध झाले. कॉप्टोटर्मिसमधील स्यूडोट्रायकोनिम्फाच्या पेशीच्या आत राहणाऱ्या एका जिवाणूचा पूर्ण जनुकसंच २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात नायट्रोजन स्थिर करण्याची जनुके आढळली: वाळवीच्या आत आदिजीव, आदिजीवाच्या आत जिवाणू. आदिजीव सेल्युलोज आंबवतात तेव्हा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यापासून ॲसिटेट बनवणारी स्पायरोकीट १९९९ मध्ये शुद्ध स्वरूपात वाढवली गेली. हे ॲसिटेटच वाळवीचे खरे अन्न.

संध्याकाळी शीर्षक बदलले: ‘वाळवीच्या आतड्यातून मिळणाऱ्या, सेल्युलोजचे विघटन करू शकणाऱ्या जिवाणूंचा शोध’. लांबलचक झाले आहे, पण आता मी त्याखाली समजून सही करू शकते.

१५ जुलै

जिवाणू वाढवण्यासाठी माध्यम तयार केले. कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज (पाण्यात विरघळणारे सेल्युलोज) दर लिटरला १० ग्रॅम, थोडे यीस्ट अर्क, फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि १५ ग्रॅम अगर, पीएच ७. हे सेल्युलोज एकदम ओतले की पिठल्यासारख्या गुठळ्या होतात आणि त्या ऑटोक्लेव्हमध्येही जात नाहीत. चमच्याचमच्याने भुरभुरत, सतत ढवळत घालावे लागते. पहिली बाटली फेकली.

वाळव्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट बुडवल्या, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुतल्या, आणि शेवटच्या धुण्याचे पाणी स्वतंत्र प्लेटवर पसरले. प्रत्येक ठिकाणच्या पंचवीस वाळव्यांची आतडी एक मिलिलिटर द्रवात खलून एक लाखपट विरलनापर्यंत नेली.

निम्म्या प्लेट मुलीने मेणबत्तीच्या बरणीत ठेवल्या आणि वहीत ‘ऑक्सिजनविरहित’ असे लिहिले. ते खोडायला लावले. मेणबत्ती विझते तेव्हा बरणीत कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो, पण ऑक्सिजन बराचसा शिल्लक असतो. खऱ्या अर्थाने ऑक्सिजन टाळायचा तर वायू बदलून, नळीच्या आतल्या भिंतीवर अगरचा थर फिरवण्याची पद्धत हवी. वाळवीवर आणि गुरांच्या कोठीपोटावर काम केलेल्या रॉबर्ट हंगेट यांनी ती १९५० मध्ये सविस्तर मांडली. आमच्याकडे तेवढी सोय नाही, म्हणून ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या पायरोगॅलॉल आणि कॉस्टिक सोडा यांच्या जुन्या युक्तीने काही बंद नळ्या केल्या आणि आत रेझाझ्युरिन हे रंगद्रव्य घातले. ऑक्सिजन असेपर्यंत ते गुलाबी राहते. सकाळपर्यंत पाच नळ्यांतल्या तीन रंगहीन झाल्या होत्या. दोन झाकणांतून गळत असाव्यात.

हवेत वाढणारे जिवाणू मात्र लगेच परके ठरवू नयेत. सूक्ष्म विद्युदग्रांनी मोजल्यावर १९९५ च्या सुमारास असे दिसले की वाळवीचे पश्चांत्र म्हणजे सर्वत्र ऑक्सिजनविरहित हौद नाही. त्याची मात्रा जेमतेम एक मायक्रोलिटर असते, म्हणून ऑक्सिजन भिंतीतून आत झिरपतो आणि फक्त मध्यभागच त्याच्यापासून मुक्त राहतो. भिंतीला चिकटलेल्या जिवाणूंना तो वापरता येतो.

२१ जुलै

वादळी पावसात रात्रभर वीज नव्हती. इन्क्युबेटर खोलीच्या तापमानाला आला, याचे फारसे नुकसान नाही. दमट हवेत प्लेटच्या कडेने काळी-हिरवी बुरशी मात्र आत शिरली आणि एकूण नऊ प्लेट गेल्या. नवीन प्लेटमध्ये बुरशीरोधक म्हणून निस्टॅटिन घातले.

२८ जुलै

आज सेल्युलोज कोण तोडतो हे दाखवणारी, काँगो रेड या रंगद्रव्याची चाचणी. ही पद्धत टीदर आणि वुड यांनी १९८२ मध्ये सुचवली, आणि अजूनही इतकी स्वस्त दुसरी नाही. आधी प्रत्येक वसाहतीची प्रत दुसऱ्या प्लेटवर काढून ठेवली, कारण रंग ओतल्यावर मूळ वसाहत पुढे वाढवण्यायोग्य राहील याची खात्री नसते. ०.१ टक्के रंगद्रव्य ओतून पंधरा मिनिटे ठेवले, काढून टाकले, आणि एक मोलर मिठाच्या पाण्याने दोनदा धुतले. पहिल्या धुण्याने प्लेट लालभडक राहिली. दुसऱ्या धुण्यानंतर लालीतून पिवळट वर्तुळे वर येऊ लागली: जिथे सेल्युलोजची साखळी तुटली तिथे रंग धरायला काही उरत नाही.

वारुळाच्या वाळवीतील क-७ या वसाहतीचे वर्तुळ सर्वांत मोठे होते, मोजपट्टीने १९ मिलिमीटर. वसाहत स्वतः ६. काचपट्टीवर जांभळे, ग्रॅम-पॉझिटिव्ह दंडाणू, बीजाणू तयार करणारे. चौकटीतल्या वाळवीच्या ख-३ चे वर्तुळ जेमतेम ३ मिलिमीटरने बाहेर आले होते. मुलाने क-७ चा फोटो घरच्यांना पाठवला.

३० जुलै

शेवटच्या धुण्याच्या पाण्याची प्लेट आज पाहिली. ती आधी पाहायला हवी होती. मी सांगायला विसरले आणि मुले वर्तुळांच्या आनंदात होती. त्या प्लेटवर चार वसाहती आहेत. त्यांपैकी दोन दिसायला हुबेहूब क-७, आणि काँगो रेडमध्ये वर्तुळही तेच.

७० टक्के अल्कोहोल जिवंत वाढत्या पेशी मारते, बॅसिलससारख्या जिवाणूंचे बीजाणू मारत नाही, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. वाळवी मातीत राहते आणि मातीत असे बीजाणू भरपूर असतात, त्यामुळे तिच्या अंगावरची माती आणि तिच्या पोटातली माती यांत ही पद्धत भेद करत नाही. चूक पद्धतीतली, पर्यायाने माझी आहे. क-७ च्या नळीवर मुलाने ‘वाळवीचा जिवाणू’ अशी चिठ्ठी लावली होती. ती काढायला न सांगता त्याखाली ‘वाळवीसोबत आलेला’ एवढे लिहायला सांगितले.

१८ ऑगस्ट

बीजाणू पोटात वाढतो आहे की पोटातून नुसता प्रवास करतो आहे, हे ठरवण्यासाठी एक साधा प्रयोग केला आणि या प्रकल्पातला मला तो सर्वांत समाधानकारक वाटतो. आतडी खलून केलेल्या द्रवाचे दोन भाग केले. एक तसाच पसरला. दुसरा ८० अंशांवर दहा मिनिटे ठेवून मग पसरला. तापवल्याने वाढत्या पेशी मरतात आणि बीजाणू टिकतात. क-७ वाळवीच्या पोटात खरोखर वाढत असता तर तापवलेल्या प्लेटवर त्याच्या वसाहती खूपच कमी यायला हव्या होत्या. न तापवलेल्या प्लेटवर ६१ आल्या, तापवलेल्यावर ५८. म्हणजे तो पोटात जवळपास सगळाच्या सगळा झोपलेल्या अवस्थेत होता.

मुलाचा चेहरा पडला. त्याला मी म्हटले की हा निकाल वर्तुळापेक्षा मोलाचा आहे. त्याला ते पटलेले दिसले नाही. पटायला थोडे दिवस लागतील.

३ सप्टेंबर

ख-३ हा बीजाणू करणारा नाही, म्हणून त्याला वरची चाचणी लागू पडत नाही. त्यासाठी पन्नास कामकरी आणि पाच सैनिक अशा टोळ्या निर्जंतुक वाळूवर, ओल्या फिल्टर पेपरच्या तुकड्यांसह अंधारात ठेवल्या. बाहेरून काहीच मिळत नसताना बारा दिवसांनीही ख-३ आतड्यात पहिल्याइतकाच सापडला, त्यामुळे तो तिथला रहिवासी मानायला हरकत नाही. जैवरासायनिक चाचण्यांवरून तो एंटेरोबॅक्टर-सिट्रोबॅक्टर यांच्या गटातला दिसतो. ऑक्सिजन असताना आणि नसतानाही वाढतो. जनुकक्रम काढल्याशिवाय पुढचे नाव लिहिणार नाही.

एका डब्यात कात टाकताना एक वाळवी दिसली. अशा वाळव्यांत कात टाकताना पश्चांत्राचे अस्तरही सुटते आणि आदिजीव जातात. मग ती दुसरीच्या गुदद्वाराशी तोंड नेऊन ते परत मिळवते. वाळवी एकटी का जगू शकत नाही, याचे कारण तिच्या पोटात आहे. मुलीने हे दृश्य मोबाइलवर टिपण्याचा प्रयत्न केला, पण प्रकाश पडताच सगळ्या वाळूत गेल्या.

२६ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर पुन्हा काम. आता पुढचा, अधिक कठीण प्रश्न. कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज हे पाण्यात विरघळणारे, रासायनिकरीत्या सैल केलेले सेल्युलोज आहे. त्यावर वर्तुळ उमटवणारा जिवाणू कागद किंवा लाकूड तोडू शकेलच असे नाही. म्हणून नुसत्या क्षारांच्या माध्यमात व्हॉटमन क्रमांक १ च्या फिल्टर पेपरची पट्टी अर्धी बुडेल अशी ठेवून २१ दिवस वाट पाहिली.

क-७ च्या नळीत पट्टी जशीच्या तशी. ख-३ च्याही. पायरोगॅलॉलच्या बंद नळीत आम्ही शुद्ध जिवाणू न घालता आतडी खलून केलेला पूर्ण द्रव घातला होता. तिथे पट्टी द्रवाच्या पातळीजवळ पिवळी पडून तिचे धागे सुटू लागले आणि रबरी बूच टोचले तेव्हा हलका फुस्स आवाज आला.

मुलांना हे समजावताना सुंभाचा दाखला दिला. कित्येक सुंभ एकमेकांशी घट्ट आवळून केलेला जाड दोर डोळ्यांसमोर आणावा. सेल्युलोजची प्रत्येक साखळी एक सुंभ, आणि त्यांना घट्ट धरणारे हायड्रोजन बंध म्हणजे दोराचा पीळ. एंडोग्लुकनेज हा विकर सुंभ मधेच कापतो, पण दोर सैल असेल तिथेच त्याची सुरी शिरते. एक्झोग्लुकनेज मोकळ्या टोकाला धरतो आणि दोन-दोन वेढ्यांचे तुकडे, म्हणजे सेलोबायोज, उसवत जातो. बीटा-ग्लुकोसिडेज त्या जोड्या सोडवून ग्लुकोज करतो. तो मंद असला तर सेलोबायोज साचतो आणि साचलेला सेलोबायोज आधीच्या विकराचे काम थांबवतो. काँगो रेडची प्लेट फक्त पहिली सुरी दाखवते. क-७ कडे ती आहे, आणि घट्ट पिळलेल्या दोरापुढे ती एकटी निरुपयोगी आहे. लाकडात तर या दोरांवर लिग्निनचे लेपण असते, त्याची गोष्ट याहून अवघड.

१४ ऑक्टोबर

डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) पद्धतीने विकराने सोडलेली शर्करा मोजली. मिलर यांची ही १९५९ ची पद्धत जुनी झाली असली तरी आमच्या रंगमापकावर व्यवस्थित चालते: द्रावण पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवायचे, पिवळ्याचा तांबूस होतो, ५४० नॅनोमीटरवर वाचन घ्यायचे. ग्लुकोजची प्रमाणरेषा दुसऱ्या प्रयत्नात सरळ आली.

निष्कर्षाच्या तक्त्यात मुलांनी विकराची ताकद सांगणारे फिल्टर पेपर एकक लिहिले होते. ते काढून टाकायला लावले, आणि त्यावरून थोडी चर्चाही झाली. आयआयटी दिल्लीचे टी. के. घोष यांनी १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघासाठी ही मोजणी ठरवून दिली: १ बाय ६ सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे ५० मिलिग्रॅमची पट्टी, ५० अंश, पीएच ४.८, एक तास, आणि त्या तासात २ मिलिग्रॅम ग्लुकोज सुटेल इतके विकर. २ मिलिग्रॅम ग्लुकोज देणारे विरलन किती, ते पाहून ०.३७ या आकड्यावरून एकक काढतात. आमचा सर्वांत चांगला द्रव विरल न करताही तेवढे ग्लुकोज सोडत नाही, आणि आम्ही पीएच ७ वापरला. अशा वेळी सूत्रात आकडे भरून उत्तर येते, पण त्याला ते एकक म्हणता येत नाही. तक्त्यात आता ‘एका तासात सुटलेली शर्करा, मिलिग्रॅममध्ये’ एवढेच आहे.

९ नोव्हेंबर

आतडी खलून केलेला द्रव नव्या नळीत सहाव्यांदा उतरवला. पहिल्या तीन वेळा पट्टी फाटली. चौथ्या वेळेपासून फाटण्याचे दिवस वाढत गेले आणि वायू येणे बंद झाले. सूक्ष्मदर्शकाखाली आता एकही आदिजीव नाही, स्पायरोकीटही नाहीत. आमच्या गळक्या बुचांना पुरून उरलेले तेवढेच टिकलेले आहेत. जी जोडीदारी आम्ही ३ जुलैला एका थेंबात पाहिली ती नळीत उतरली नाही.

जिवाणू खरोखर लाकूड पचवतात अशी वाळवी हवी असेल तर ती नासुटिटर्मिससारख्या लाकूडखाऊ उच्च वाळव्यांत शोधावी लागेल. तिच्या आतड्यात आदिजीव नाहीत आणि तिच्याकडे बुरशीची बागही नाही. कोस्टारिकातील नासुटिटर्मिसच्या पश्चांत्रातील एकत्रित जनुकसंचाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा सेल्युलोज आणि त्याच्या सोबतच्या शर्करा तोडणारी शेकडो जनुके मिळाली, आणि ती मुख्यतः स्पायरोकीट व फायब्रोबॅक्टर यांच्या गटांतली होती. सह्याद्रीच्या रानात झाडांवर पुठ्ठ्यासारखी घरटी बांधणाऱ्या वाळव्या आहेत. टोकदार सोंडेचा सैनिक दिसला की ओळख पटते. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पासाठी वनविभागाकडे अर्ज करायचा आहे.

२३ नोव्हेंबर

क-७ आणि ख-३ ग्लिसरॉलमध्ये डीप फ्रीझरला ठेवले. अहवालात क-७ चा उल्लेख वाळवीच्या शरीरासोबत आलेला मृदाजिवाणू असाच आहे. पेंढ्याच्या खतासाठी तो वापरून पाहायला हरकत नाही. पेंढा मातीतच कुजतो. हे वाक्य मुलाने स्वतःहून लिहिले.

आजींनी चौकट बदलली. सुताराने काढलेला खालचा हातभर तुकडा त्यांनी रिक्षाने पाठवून दिला, सोबत निरोप: “हवी तेवढी ने, पण उरली तर परत आणू नको.” तुकडा गोणपाटात गुंडाळून प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात, पाण्याने भरलेल्या परातीत दोन विटांवर ठेवला आहे. आत लाकडी कपाटांजवळ ठेवण्याची माझी छाती झाली नाही.